गाडीवरचे पांढरे डाग आणि शेवटची बादली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाडव्याच्या मुहूर्तावर घरी आलेल्या गाड्यांची पहिली धुलाई चैत्राच्या उन्हात होते आणि पंधरा दिवसांत शोरूममध्ये तक्रार जाते, की रंगावर पांढरे ठिपके पडले, रंगच खराब दिला. बहुतेक गाड्यांत रंगाला काहीही झालेले नसते. सर्वांत शेवटी गाडीवर जे पाणी ओतले आणि उन्हात आपोआप वाळू दिले, त्याचे ते क्षार असतात. म्हणून महागडा शाम्पू आणण्याआधी शेवटची बादली कुठून भरली ते पाहावे, एवढे सांगण्यासाठी हे पत्र.

पाणी उडून जाते, त्यात विरघळलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार मागे राहतात. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तोच हा पदार्थ. हिशेब सोपा आहे. एका लिटरला १००० मिलिग्रॅम क्षार असलेले अर्धा लिटर पाणी गाडीवर वाळले, तर अर्धा ग्रॅम पूड रंगावर आणि काचांवर चिकटून बसली. ती सारखी पसरत नाही. थेंब कडेकडेने आधी वाळतो, त्यामुळे बहुतेक क्षार काठावर जमतात आणि डाग नेहमी कड्यासारखा दिसतो. काळ्या आणि गडद निळ्या गाडीवर तो लांबून दिसतो. पांढऱ्या गाडीवर दिसत नाही म्हणून राहून जातो आणि पुढे जास्त त्रास देतो.

सांगली शहरात कृष्णेचे नळाचे पाणी त्या मानाने हलके, म्हणजे कमी क्षारांचे आहे. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडे आणि साताऱ्यातल्या माण, खटाव भागात मात्र बऱ्याच ठिकाणी बोअरचेच पाणी. पाऊस कमी, खडकात पाणी बराच काळ मुरलेले, त्यामुळे त्याला साबणाचा फेस धरत नाही. वाळवा, पलूस, मिरज पट्ट्यात उसाला भरमसाट पाणी देऊन जमिनी खारावल्या, तिथल्या विहिरींचीही तीच गत. ‘आमचे पाणी पिण्यालायक आहे’ हे उत्तर इथे उपयोगाचे नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) एकूण क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत सूट आहे. पोटाला ५०० चालतात. बोनेटवर तेवढ्याने स्वच्छ कडी उमटतात. आरओ दुरुस्त करणाऱ्याकडे पेनासारखा टीडीएस मीटर, म्हणजे लिटरला किती मिलिग्रॅम क्षार ते दाखवणारे यंत्र असते, त्याने आपल्या नळाचे, बोअरचे आणि टँकरचे पाणी एकदा मोजून घ्यावे. आकडा ५० च्या आत असेल तर वाळले तरी सहसा डाग राहत नाही. तीनशेच्या पुढे असेल तर एकही थेंब गाडीवर वाळू द्यायचा नाही असेच समजून धुवावे.

इथे एक गैरसमज घरोघरी आहे. आरओ यंत्रातून बाहेर पडणारे टाकाऊ पाणी वाया जाऊ नये म्हणून बादलीत साठवतात आणि त्याने गाडी धुतात. हेतू चांगला, पण ते पाणी मूळ पाण्यापेक्षा जास्त खारे असते. यंत्राने जे क्षार गाळून काढले, ते त्यातच गेलेले असतात. चाके आणि मडगार्ड धुवायला ते खुशाल वापरा, अखेरच्या धुण्याला नको. सॉफ्टनर (जड पाणी मऊ करणारे यंत्र) बसवलेल्या सोसायट्यांतही डाग पडतात, कारण सॉफ्टनर क्षार काढत नाही, कॅल्शियमच्या जागी सोडियम ठेवतो. तो डाग ओल्या फडक्याने निघतो, एवढाच फायदा.

आता धुण्याचा क्रम. वेळ सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावर. बोनेटवर तळहात ठेवून पाहावा, गरम लागला तर थांबावे. सावलीतली गाडीसुद्धा नुकतीच चालवून आणली असेल तर बोनेट तापलेले असते आणि पाणी पुसायच्या आत वाळते. सावली चिंचेची किंवा आंब्याची नसावी, वरून चिकट थेंब पडतात. आधी चाके, कारण तिथे ब्रेकची पूड असते, आणि त्यांचे फडके वेगळे. मग साध्या पाण्याने धूळ भिजवून खाली पाडावी. ऊस गळीताच्या दिवसांत कारखान्याच्या परिसरातल्या गाड्यांवर चिमणीची राख बसते. ती कोरड्या फडक्याने झटकली तर रंगावर बारीक ओरखडे येतात, म्हणून तेव्हा भिजवायला पाणी जरा जास्तच घ्यावे.

दोन बादल्या घ्याव्यात. एकीत दहा लिटर पाणी आणि बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात गाडीचा शाम्पू, दुसरीत नुसते पाणी, हातमोजा खंगाळायला. कपड्याची पावडर आणि भांड्याचा साबण नको, त्याने रंगावरचे मेण उतरते आणि मेण उतरलेल्या रंगाला क्षार घट्ट धरतात. टपापासून खाली यावे. टप, काचा, बोनेट, डिकी, दारांचा वरचा भाग, मग खालचा. एक भाग चोळला की लगेच धुवावा, फेस सुकू देऊ नये. उन्हाळ्यात आधी धुतलेल्या भागावर मधूनमधून पाणी मारत राहावे, गाडी पुसायला घेईपर्यंत सगळी ओली राहिली पाहिजे. सगळा घोटाळा इथेच होतो. उजवी बाजू चकाचक होईपर्यंत डावी वाळून गेलेली असते.

अखेरच्या धुण्याला पाइपचे नोझल काढावे. जोराच्या फवाऱ्याने हजार बारीक थेंब बसतात. सुट्या पाइपने टपावरून संथ धार सोडली की पाण्याचा पडदा एकसंध खाली सरकतो आणि बरेचसे पाणी सोबत ओढून नेतो. नळाचे पाणी जड असेल तर या धारेनंतर चार-पाच लिटर आरओचे किंवा पावसाचे साठवलेले पाणी हातपंपाच्या छोट्या फवाऱ्याने वरून खाली मारावे. लहान गाडीला तेवढे पुरते. तासगाव-मिरजेकडे द्राक्षबागेचा पंप घरात असतो, तो मात्र वापरू नये. औषधाचा आणि चिकट द्रावाचा अंश त्यात राहिलेला असतो. बागेशेजारी उभ्या केलेल्या गाडीवर निळसर-पांढरे ठिपके दिसले तर ते पाण्याचे नसून बोर्डो मिश्रणाचे, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचे असू शकतात. ते त्याच दिवशी भरपूर पाण्याने काढावेत.

पुसायला जाड मायक्रोफायबर टॉवेल घ्यावा. पंचा, जुनी बनियन, साडीचा तुकडा हे सगळे पाणी शोषण्याऐवजी पसरवतात आणि शिवणीने ओरखडे काढतात. टॉवेल किंचित ओलसर करून बोनेटवर उलगडून पसरावा आणि दोन टोके धरून स्वतःकडे ओढावा. दाबून घासू नये. मोठ्या टॉवेलने पाणी उचलले की उरलेली ओल दुसऱ्या लहान टॉवेलने. जमिनीवर पडलेला टॉवेल त्या दिवसापुरता बाद. हे टॉवेल सुती कपड्यांबरोबर धुवू नयेत, आणि कपडे मऊ करणारे द्रव त्यात घातले की त्यांचे पाणी शोषणे संपते. बोअरच्या पाण्यात धुऊन कडक झाले तर शेवटच्या खंगाळणीत दोन चमचे पांढरे व्हिनेगर घालावे.

पुसून झाले म्हणून काम संपत नाही. पाणी लपून बसते ते आरशांच्या कवचात, दारांच्या मुठींमागे, इंधनाच्या झाकणात, नंबरप्लेटच्या मागे, मागच्या दिव्यांच्या फटीत आणि काचेच्या रबरी पट्टीत. दहा मिनिटांनी तिथून ओघळ येतात आणि सकाळी दारावर उभी पांढरी रेघ दिसते. दारे आणि डिकी उघडून कडा पुसाव्यात, काचा चार बोटे खाली करून पुन्हा वर घ्याव्यात, गाडी गल्लीत एक फेरी मारून आणावी आणि ओघळ पुन्हा टिपावेत. धूळ उडवायचा छोटा ब्लोअर असेल तर फेरीची गरज नाही.

डाग पडलेच तर किती दिवसांचे, यावर उपाय ठरतो. ताजा डाग शाम्पूने जातो. काही दिवसांच्या डागावर पांढरे व्हिनेगर आणि शुद्ध पाणी निम्मे-निम्मे करून त्यात भिजवलेले फडके सावलीत, थंड पत्र्यावर अर्धा ते एक मिनिट ठेवावे, हलके पुसावे, लगेच भरपूर पाणी आणि शाम्पू. आधी कोपऱ्यात करून पाहावे. क्रोम आणि उघड्या ॲल्युमिनियमवर लावू नये. नंतर मेण पुन्हा लावावे लागते. एवढ्याने कडे गेले नाही तर क्षारांनी तापलेल्या रंगात खड्डा केला असे समजावे. तो पॉलिशनेच जातो, आणि पॉलिश म्हणजे वरचा पारदर्शक थर घासून कमी करणे. हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, केसाहून पातळ असतो, तेव्हा दर दिवाळीला पॉलिश करणे परवडणारे नाही. समोरच्या काचेवरचा जुना डाग व्हिनेगरला दाद देत नसेल तर त्यात सिलिका, म्हणजे वाळूतला घटक असू शकतो. त्याला काचेसाठीचे सिरियम ऑक्साइड पॉलिश लागते. बाथरूमचे ॲसिड, चिंच, राख, घासणी यांतले काहीही गाडीजवळ नेऊ नये. रॉकेल-डिझेलचे बोट फिरवून चमक आणण्याची पद्धत अजून दिसते, त्याने डाग तासभर झाकला जातो आणि रबर कायमचे फुगते.

सिरॅमिक कोटिंग केले की डाग पडत नाहीत, असे विकताना सांगितले जाते. ते खरे नाही. कोटिंगवर पाणी गोल थेंबांत उभे राहते आणि असा थेंब उन्हात वाळला की त्याचे सगळे क्षार एवढ्याशा जागेत साचतात. कोटिंगचा उपयोग आहे, पुसणे सोपे जाते, पण टॉवेलला सुट्टी नाही. सोसायटीच्या लॉनचे कारंजे रोज ज्या गाडीच्या दारावर उडते, तिचे कोटिंगही काही वाचवू शकत नाही. तिची जागा बदलावी.

मुहूर्ताच्या गाडीबाबत एक. बोनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले आणि नारळ फोडताना पाणी उडाले, तर ते संध्याकाळपर्यंत ठेवू नये. नारळपाण्यात साखर आणि क्षार दोन्ही असतात, कुंकवाचा रंग पांढऱ्या गाडीत उतरतो. पूजा झाली की ओल्या फडक्याने टिपून घ्यावे.

वॉशिंग सेंटरवाल्यांना विनंती आहे. बोअरच्या पाण्याने फेस काढून गाडी तशीच ओली बाहेर काढतात, ‘वाऱ्याने वाळेल’ म्हणतात. चालत्या गाडीवर थेंब मागे पसरतात आणि ठिपक्यांच्या जागी रेघा उठतात. शेडच्या पत्र्यावरचे पावसाचे पाणी साठवले तर हा प्रश्न बराच सुटेल. १०० चौरस मीटर पत्र्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला की हजार लिटर पाणी येते, त्यातून थोडी गळती-उडती वजा करावी. गाडीमागे पाच लिटर धरले तर दीडशेहून जास्त गाड्यांचे शेवटचे धुणे त्यात होते. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी सोडून द्यावे, ते धूळ आणि राखेचे असते. टाकी झाकणाची आणि प्लॅस्टिकची घ्यावी. नव्या सिमेंटच्या टाकीत चुना उतरतो आणि पावसाचे पाणीही जड होते.

आपला,
गाडी धुलाई व्यवसायातील एक वाचक
विश्रामबाग, सांगली