रायफल नको, तो काळा टोप ठेवा

ती. आई व ती. बाबांना शि. सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "सत्तरी उलटली की लायसन वारसाच्या नावावर करता येतंय, तू करून घे." मी "बघू" म्हणून विषय बदलला. तुम्हाला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं बोलावं, तर तुम्हाला वाटतं मी चिडले. म्हणून लिहिते.

मला रायफल नको. पण तेवढं म्हणताना जीभ अडखळली हे खरं.

वर्गातल्या मुली सायकल शिकत होत्या तेव्हा तुम्ही मला पॉइंट टू-टू शिकवत होता. जांबोटीकडच्या शेतात भात कापून झालं की बांधाजवळ पोतं टाकून पालथं झोपवायचात. दस्ता खांद्यात घट्ट, गाल लाकडाला, नळीच्या टोकाची माशी मागच्या खाचेच्या मधोमध. "श्वास अर्धा सोड, मग थांब. घोडा ओढू नको, दाब. खरं डोळा मिटायचा नाही." निम्मी पलटण त्या बांधावर उतरायची. आवाज तेवढा वाळकी काटकी मोडल्यासारखा. तरी गोळी मैलभर जाते म्हणून समोर मातीचा चढ नसेल तर तुम्ही रायफल हातातही द्यायचा नाहीत. पुढं एनसीसीच्या रेंजवर २५ यार्डांवरून माझ्या पाचही गोळ्या एका आगपेटीखाली झाकल्या गेल्या, तेव्हा उस्तादांनी विचारलं होतं, "घर में कौन फौजी है?"

लायसन पीक राखायचं, म्हणजे डुकरांसाठी. पण डुकरावर तुम्ही एकही गोळी झाडली नाहीत. "त्याच्या कातड्याला ही गोळी म्हणजे शिंक. मग जखमी डुक्कर माणूस हुडकत येतंय." त्यांच्यासाठी माळ्यावर बसून रात्रभर डबे बडवायचे. रायफल निघायची ती सशासाठी. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा तेव्हाही होता, पण खानापूरच्या पुढं तो पायी येत असावा. आता तिकडं २०११पासून भीमगड अभयारण्य आहे, आणि आज तुम्ही ससा आणलात तर पहिली मीच ओरडेन.

सहावीत होते तेव्हाचा तो ससा आठवतो? तुम्ही टिपलात आणि मी भाताच्या खुंटांतून अनवाणी धावले. कान इतके पातळ की मावळतीचा उजेड त्यातून लाल दिसत होता. अंगात ऊब होती अजून. सशाच्या तळव्यालाही केस असतात हे मला त्या दिवशी कळलं. मी रिकामं काडतूस उचललं, कडेला पिन बसलेला खड्डा अंगठ्यानं चाचपला आणि तोंडाशी धरून शीळ वाजवत घरी आले. सशासाठी रडले नाही. खोटं कशाला सांगू.

आई, तू माळकरी. ससा कधी उंबऱ्याच्या आत आला नाही. फणसाला टांगून बाबा तो सोलायचे, अंगणात तीन दगड मांडायचे, आणि गोठ्याच्या वळचणीतून तो काळा टोप निघायचा. वाटणही बाबाच बाहेरच्या दगडावर करायचे, जाडंभरडं. आतून मात्र तांदळाच्या भाकऱ्या थापल्याचा आवाज येत राहायचा. एकेक भाकरी तू उंबऱ्यावर ठेवायचीस आणि तोंड फिरवून परत चुलीकडं. बाबांना तीन, मला दोन. मोजणीत कधी चुकली नाहीस. मग आत एकटी बसून ताकभात खायचीस.

रशाची चव मला आता नीट आठवत नाही. बाबांच्या हातच्या तिखटात ससा काय, कोंबडी काय. तो थप-थप आवाज मात्र अजून कानात आहे. तुला राग यायचा का गं? ४० वर्षांत मी विचारलं नाही. एकदा जरी भाकऱ्या केल्या नसत्यास तर बाबांची शिकार दुसऱ्या दिवसापासून बंद पडली असती, हे तुला ठाऊक होतं आणि त्यांनाही. एकादशीला ते न सांगता रायफल कपाटात ठेवायचे, ते काय उगीच?

बाबा, मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनी दर निवडणुकीला ती ठाण्यात जमा करायची, निकालानंतर आणायची, कन्नडमधला फॉर्म कुणाच्या तरी पाया पडून भरून घ्यायचा. पुरे झालं आता. पुढच्या शनिवारी मी येते. सोमवारी दोघं जाऊन ती कायमची देऊन येऊ. त्याआधी साफ मी करणार. नळी पुसायची दोरी, तो पुलथ्रू, काढून ठेवा. आई, चिंधी तुझ्या जुन्या लुगड्याचीच दे, बाबांना दुसरी चालत नाही.

आणि गोठा पाडताना तो काळा टोप मोडीत घातला नसशील तर माझ्यासाठी ठेव. त्यात काय शिजवणार ते विचारू नकोस.

तुमची,
लेक