कृषिमंत्र्यांना खुले पत्र : उसाला पाणी पाळी बघून नको, ओल बघून द्यायला हवं

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स.न.वि.वि.

वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांत कृष्णाकाठानं फिरलात, तर हिरव्यागार उसाला लागूनच पांढरा खार फुटलेली पडीक रानं दिसतील. जादा पाण्यानं भूजल वर आलं, निचरा झाला नाही, पाणी उडून गेलं आणि क्षार वरच राहिले. जमिनीत पाइप टाकून निचरा करता येतो, पण खर्च मोठा आणि शेजारीपाजारी एकत्र आल्याशिवाय पाणी काढायला वाट मिळत नाही. रान बिघडण्याआधीच काही करा, एवढ्यासाठी हे पत्र.

काळ्या रानाला वरून भेगा पडल्या की आम्ही म्हणतो, ऊस तहानला. तिथंच वीत-दीड वीत उकरून मूठभर माती दाबून बघा. लाडू वळतो, बोटांचे ठसे उठतात. म्हणजे खाली ओल आहे, वाफसा (मुळांना ओल आणि हवा दोन्ही मिळतील अशी स्थिती) अजून यायचाय. त्यावर पुन्हा सरी तुडुंब भरली की मुळांची हवाच बंद होते.

हे मोजायची साधनं आहेत. टेन्शिओमीटरचा सच्छिद्र कप मुळांपाशी पुरला की रान वाळेल तसा वरचा काटा चढतो. कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेनं तर रंगीत दिव्यांचं यंत्र केलंय : निळा म्हणजे भरपूर ओल, हिरवा म्हणजे पुरेशी, नारिंगी म्हणजे पाणी द्यायची वेळ आली, लाल म्हणजे ताबडतोब द्या. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही ते कळतं. ठिबकला अनुदान आहेच. तसं ते या यंत्रालाही द्या, आणि पाटपाण्यावाल्यांना आधी द्या, कारण जास्त पाणी तिथंच जातं. लागणीच्या नोंदीला चिटबॉय, म्हणजे साखर कारखान्याचा शेतावरचा कर्मचारी, बांधावर येतोच, त्याला ओलीची नोंदही शिकवता येईल.

पण साहेब, खरी अडचण यंत्राची नाही. दिवा निळा असला तरी शेतकरी पाणी घेणारच. आज पाळी सोडली तर पुढची कधी येईल, तेव्हा लाइट असेल का, ही धास्ती त्याला रात्री रानात दारं धरायला, म्हणजे सरीसरीनं पाणी फिरवायला लावते. त्याला अडाणी ठरवून हे सुटणार नाही. म्हणून पाणीपुरवठा संस्थांसाठी एक नियम करा : रानात ओल आहे म्हणून ज्यानं पाळी पुढं ढकलली, त्याचं पाणी बुडणार नाही, त्याच आवर्तनात, मागेल तेव्हा त्याला ते मिळेल. हा नियम आधी करा, यंत्रं त्यानंतर वाटा.

आपला,
वाळवा तालुक्यातील एक ऊस उत्पादक