रेडिओ आमच्या गावचा, निवेदिका परगावची : माहिती व प्रसारण मंत्र्यांना सोलापूरहून खुलं पत्र

मा. माहिती व प्रसारण मंत्री, भारत सरकार,
स. न. वि. वि.

मी सोलापुरातला छोटा टॉवेल कारखानदार. अक्कलकोट रोडला शेडमध्ये आठ माग आहेत. मंत्र्यांना पत्र लिहायची सवय नाही, चूकभूल द्यावी घ्यावी.

२०२५च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला आणि लांबोटीजवळ पुणे हायवे बंद झाला. माझा मालाचा टेम्पो तिथंच अडकला. ड्रायव्हरचा मोबाइल बंद पडलेला, टेम्पोतला रेडिओ तेवढा चालू. त्यानं मोठ्या आशेनं आमच्या शहराचं नाव लावणारं एक खासगी स्टेशन लावलं. निवेदिका म्हणतेय, "काय रोमँटिक पाऊस आहे ना! आज भजी झालीच पाहिजेत." बाई कुठल्या शहरात बसली होती, सिद्धरामेश्वर जाणे. रस्ता कधी सुटणार, पाणी कुठवर आलंय, एक अक्षर नाही. माल उशिरा पोचला, ऑर्डर रद्द. चाळीसेक हजारांना बसलो. ओल लागलेले गठ्ठे अजून शेडमध्ये वास मारतायत. भजी मात्र खाल्ली नाहीत.

साहेब, सुरुवातीला असं नव्हतं. स्टेशनला फोन लागला की निवेदक विचारायचा, "मालक, मागं काय खडखडतंय बे?" मी म्हणायचो, माग. "मग जरा बंद करून बोला की!" गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत स्टेशनची पोरं माइक घेऊन पाळण्यांपाशी उभी असायची. आमच्या कामगारांत मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही बोलणारे. त्यांचे फोन तसेच लागायचे.

तुमच्याच खात्याचा इतिहास तुम्हाला सांगावा लागतोय. १९९५ साली सुप्रीम कोर्ट म्हणालं, रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता. मग सरकारनं जनतेच्या मालमत्तेचा लिलाव केला! जुलै २००१मध्ये बंगळुरूला पहिलं खासगी एफएम सुरू झालं. पहिल्या टप्प्यात लायसन्स फी दर वर्षी १५ टक्क्यांनी वाढायची, धंदा होवो न होवो. कित्येकांनी गाशा गुंडाळला. २००५ला शहाणपण सुचलं आणि उत्पन्नाच्या ४ टक्के घ्यायचं ठरलं. त्या टप्प्यात आमच्यासारख्या गावांचा नंबर लागला. पुढं तिसऱ्या टप्प्यात एका कंपनीला आपल्या सगळ्या स्टेशनांवर एकच कार्यक्रम वाजवायची मुभा दिलीत. तिथंच आमचा आवाज गेला. एक पगार, दहा शहरं.

बातम्यांना बंदी आहे म्हणून सांगू नका. हवामान, वाहतूक, वीज, पाणी यांची माहिती खासगी स्टेशनला देता येते, असं तुमचंच धोरण म्हणतं. म्हणजे पुराचं सांगायला आडकाठी नव्हती. सांगायला सोलापुरात माणूसच नव्हता.

ऑगस्ट २०२४ला तुम्ही २३४ नव्या शहरांत ७३० वाहिन्यांचा लिलाव जाहीर केलात. 'व्होकल फॉर लोकल' म्हणे! आधीच्या शहरांतला लोकल कुठं गेला, तो तरी बघा. निदान सकाळ-संध्याकाळचे चार तास त्याच शहरात बसून बोलायचं, एवढी एक अट घाला. लिलावाच्या कागदात एक ओळ बसेल.

बसणार नाही, माहीत आहे. उजनी धरण भरलं तरी नळाला पाणी चार दिवसांनी येतं, ते विचारलं की महापालिका शासनाकडे बोट दाखवते आणि शासन दिल्लीकडे. दिल्ली म्हणते पोर्टलवर तक्रार करा. केली. 'निकाली काढली' असा मेसेज आला. काय निकाली काढलं बे? १९३०ला इंग्रजांना मार्शल लॉ लावावा लागला, असं हे गाव. आज त्याला कोणी उत्तर द्यायलासुद्धा मोकळं नाही. माझे आजोबा रेडिओ ऐकायला पोस्टात लायसन्सचे पैसे भरायचे, त्याची पुस्तिका आईनं अजून ट्रंकेत ठेवलीय. तेव्हा ऐकणाऱ्याकडून घेत होता, आता बोलणाऱ्याकडून घेता. घ्या.

आपला,
एक टॉवेलवाला, अक्कलकोट रोड, सोलापूर

ता. क. ड्रायव्हरनं टेम्पोतला रेडिओ काढून टाकलाय. त्या जागी मोबाइलचा चार्जर बसवलाय.