टाइन पुलावरचे पक्षी हा उपद्रव नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला न्यूकॅसलवरचा प्रवासलेख आवडीने वाचला. पण तिथल्या टाइन नदीवरच्या पुलाखालची विष्ठा आणि वरच्या 'सीगल'चा कलकलाट यांवर लेखकाने नाक मुरडले आहे. शिवाय डोक्यावर एवढे थवे घिरट्या घालत असताना हे पक्षी धोक्यात आहेत असे कशाच्या आधारावर म्हणतात, असेही विचारले आहे. मी या नदीच्या दुसऱ्या काठावर, गेट्सहेडला, बरीच वर्षे राहते. प्रश्न कुणालाही पडावा असाच आहे. त्याचे उत्तर आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावे म्हणून लिहीत आहे.

मुंबईकरांच्या ओळखीचे कुरव म्हणजे मांडव्याच्या लाँचमागे शेव-गाठ्यांसाठी झेपावणारे. इथल्या किनाऱ्यावर हातातले चिप्स पळवणारे हेरिंग गल त्याच धाटणीचे. पुलावरचा पक्षी किटिवेक आहे. तोही कुरवांच्याच कुळातला, पण माणसाच्या खाण्याकडे तो ढुंकूनही पाहत नाही. तो पक्का दर्यावर्दी आहे. ऑगस्ट सरता सरता पूल रिकामा होतो आणि हे पक्षी सगळा हिवाळा भर अटलांटिकवर काढतात, काही तर पार कॅनडाच्या बाजूला जातात. जमिनीशी त्यांचा संबंध अंडी घालण्यापुरता, आणि तोही उभ्या कड्यांशी. १९२८ साली खुल्या झालेल्या या पुलाचे ग्रॅनाइटचे मनोरे आणि लोखंडी तुळया त्यांनी कड्यासारख्याच वापरायला घेतल्या. समुद्रापासून इतक्या आत किटिवेकची वसाहत जगात दुसरीकडे कुठे नाही.

जूनअखेर काठावर उभे राहून दुर्बीण लावावी. चिखल आणि गवत थापून केलेले वीतभर रुंदीचे घरटे, त्यात बहुधा दोन पिल्ले, तोंड भिंतीकडे आणि पाठ नदीकडे करून बसलेली. इतर कुरवांची पिल्ले लवकरच घरट्याबाहेर हिंडू लागतात. ही मात्र पंख फुटेपर्यंत जागची हलत नाहीत, कारण एक पाऊल चुकले की खाली पाणी. आई किंवा बाप समुद्रावरून परतला की पिल्लू चोच थेट त्याच्या घशात घालते. हे एकदा पाहिलेल्या माणसाच्या तोंडी 'उपद्रव' हा शब्द येणार नाही, अशी माझी खात्री आहे.

आता संख्येबद्दल. जगात आजही किटिवेक दीड कोटीच्या घरात आहेत. तरीही २०१७ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत, म्हणजे धोक्यातल्या जीवांच्या यादीत, त्यांना 'असुरक्षित' गटात टाकण्यात आले. ही यादी नुसती डोकी मोजत नाही, घसरण किती वेगाने होते आहे तेही पाहते. तीन पिढ्यांत तीस टक्क्यांहून अधिक घट झाली की धोक्याची पहिली पायरी लागते. किटिवेकच्या बाबतीत तीन पिढ्या म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे, आणि तेवढ्या काळात ते सुमारे चाळीस टक्क्यांनी घटले. स्कॉटलंडच्या ऑर्कनी आणि शेटलंड बेटांवर २००० नंतर तोवर घट ८७ टक्के, तिथल्याच सेंट किल्डा बेटांवर ९६ टक्के. तिथले बरेच कडे ओस पडले आहेत. न्यूकॅसलच्या पुलावरची गर्दी पाहून सगळीकडे आबादीआबाद आहे असे मानणे म्हणूनच चुकीचे आहे.

कारण पोटाचे आहे. उत्तर समुद्रात या पिल्लांची भिस्त सँडईल नावाच्या बोटभर चंदेरी माशावर असते. हा मासा रात्री आणि हिवाळाभर वाळूत दडून राहतो. पफिन, गिलेमॉट हे पक्षी खोल बुडी मारून त्याला गाठतात. किटिवेकला पाण्याच्या वरच्या हात-दोन हातांत मिळेल तेवढेच. म्हणजे मासा कमी झाला की पहिला फटका यालाच. समुद्र तापतो आहे तसे सँडईलचे स्वतःचे खाद्य घटते आहे, आणि त्यातच बोटी हा मासा टनावारी उपसत आल्या, तेही कुणाच्या ताटासाठी नव्हे, तर फिशमील (माशांची भुकटी) आणि तेलासाठी, मत्स्यशेतीतल्या सामनच्या आणि डुकरांच्या खाद्यासाठी. तापमान एका देशाला आवरता येणार नाही. जाळे आवरता येते.

ते ब्रिटनने आवरले. मार्च २०२४ पासून स्कॉटलंडच्या हद्दीत आणि उत्तर समुद्रातल्या इंग्लंडच्या हद्दीत सँडईलच्या मासेमारीला बंदी आहे. या मासेमारीत सर्वांत मोठा वाटा डेन्मार्कच्या बोटींचा असल्याने युरोपीय संघ बंदीविरुद्ध लवादाकडे गेला. मे २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निकालात स्कॉटलंडची बंदी टिकली. इंग्लंडच्या बाबतीत निर्णय घेताना नफा-तोट्याचा मेळ नीट घातला नाही असा ठपका आला, तरी बंदी उठवण्याची सक्ती झाली नाही. मला ही बंदी योग्य वाटते. डॅनिश मच्छीमारांचे नुकसान खोटे नाही आणि त्यांना भरपाई मिळायला हवी, पण डुकरांना दुसरे खाद्य घालता येते, किटिवेकच्या पिल्लाला नाही.

आपल्याकडेही कोवळी, बारीक मासळी फिशमीलकडे जातेच. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिला, त्याची बंदरावर अंमलबजावणी कशी चालली आहे यावर आपल्या वार्ताहरांनी लिहिले तर फार बरे होईल.

राहता राहिली घाण. ती होते, हे मान्य; त्यासाठी पदपथ धुतात. पण इथल्या काही इमारतींनी घाणीवर उपाय म्हणून जाळ्या लावल्या आणि त्यांत अडकून पक्षी तडफडून मेले. नदीकाठच्या 'बाल्टिक' नावाच्या जुन्या पिठाच्या गिरणीचे कलादालन झाले तेव्हा तिथल्या किटिवेकसाठी गेट्सहेडला खास मनोरा उभारला गेला, आणि तो पक्ष्यांनी स्वीकारला, हेही त्या लेखात यायला हवे होते. पुढच्या पुरवणीत 'सीगल'च्या जागी किटिवेक अशी दुरुस्ती छापावी, एवढी विनंती.

आपली,
एक वाचक
गेट्सहेड, इंग्लंड