सुरक्षेचे फलक केबिनमध्ये नकोत, फाटकाजवळ हवेत

महोदय,

मी धरणगावकडचा, कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंग कारखान्यातला फिटर. हंगाम सुरू झाला की सातपुड्यातून पावरा, भिल मजूर कामाला येतात. त्यांच्यासाठीचे सुरक्षेचे फलक मी पाहिले ते केबिनमध्ये, तेही इंग्रजीत. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम १०८ ने स्पष्ट सांगितले होते : फलक इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत हवा, मुख्य फाटकाजवळ नजरेत भरेल असा हवा, स्वच्छ आणि वाचता येईल असा राखायला हवा. जिनिंगमध्ये रुईची धूळ फलकावर बसतच राहते, म्हणून तो पुसण्याचे काम कुणाला तरी नेमून द्यावे.

अनेकांना वाचता येत नाही. चालत्या पट्ट्याजवळ उपरणे किंवा पदर मोकळा नको, हे चित्र काढून दाखवा. मुकादमाने पहिल्याच दिवशी पावरीत, भिलीत समजावून सांगावे. आणि विडी-काडी फाटकाबाहेरच! कापसाच्या गंजीला आग लागली तर आवरत नाही, बाया आत काम करत असतात हो.

औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या अधिकाऱ्यांनी दिवाळीआधी खान्देशातल्या जिनिंगची फाटके तपासावीत, ही विनंती.

– एक जिनिंग फिटर, धरणगाव तालुका, जि. जळगाव