फेसाने आधी मिशा बधिर होतात

महोदय,

आळंदीला इंद्रायणीवर फेस चढला किंवा पंचगंगेत मेलेले मासे तरंगले की बातमी येते आणि दोन दिवस पाण्यातल्या प्राणवायूची चर्चा होते. पण मासा मरायच्या बराच आधी उपाशी राहू शकतो आणि ते काठावरून दिसत नाही. शिंगटा, शिवडा अशा मिशावाल्या माशांना हा धोका जास्त, कारण त्यांची शिकार कातडीच्या जोरावर चालते.

मरळीचे सोपे आहे, ती मुख्यतः डोळ्यांनी शिकार करते. शिंगट्याचे काम रात्रीचे आणि गढुळातले. गाळात शिरलेली अळी किंवा दगडाआडचा झिंगा त्याला दिसतच नाही. शिंगट्याला मिशांच्या चार जोड्या असतात, शिवड्याला दोन. या मिशांवर, ओठांवर आणि पार शेपटीपर्यंतच्या बिनखवल्याच्या कातडीवर चवीच्या कळ्या असतात. अमेरिकेतल्या अशाच एका वीतभर मिशीवाल्या माशाच्या अंगावर त्या लाखाहून जास्त भरल्या. माणसाच्या तोंडात जेमतेम काही हजार असतात.

'तो वासावर येतो' असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. 1967 च्या प्रयोगांत वासाची शक्ती काढून घेतलेले मासेही चवीच्या धारेवरून आमिषापर्यंत पोचले. एका बाजूची चव बंद केली तेव्हा मात्र मासा शाबूत बाजूकडे वळत राहिला. म्हणजे डावीकडे चव जास्त की उजवीकडे, हे तोलत तो पुढे सरकतो. मेंदूतही या कामाची दोन खाती आहेत. बाहेरच्या कातडीचे खाते बिघडले तर समोरचा घासही त्याला सापडत नाही. तोंडातले बिघडले तर तो घास उचलतो, पण गिळत नाही.

हलणाऱ्या सावजासाठी दुसरी यंत्रणा आहे. अंगाच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या पार्श्वरेषेतल्या केसपेशींना पाण्याची हालचाल कळते. युरोपातल्या वेल्स या मोठ्या मिशीवाल्या माशावर 2001 मध्ये ठार अंधारात प्रयोग झाला. पुढे गेलेल्या गप्पी माशाच्या शेपटीने पाण्यात उठवलेले भोवरे धरून वेल्स त्याच्या वाटेने गेला. त्यातली काही वाट दहा सेकंद शिळी होती. पुढे पार्श्वरेषा बधिर केल्यावर हा माग जवळपास तुटला.

शेवटच्या काही सेंटीमीटरांत वीज कामाला येते. श्वास घेणाऱ्या कोणत्याही जिवाभोवती अगदी क्षीण विद्युतक्षेत्र असते, आणि या माशांच्या कातडीतल्या बारीक खळग्यांना ते जाणवते. 1917 मध्येच दिसून आले होते की डोळे बांधलेल्या माशाला काचेची कांडी टेकेपर्यंत पत्ता लागत नाही, धातूची मात्र काही सेंटीमीटरांवरूनच कळते. मग मासा तोंड झटक्यात उघडतो आणि पाण्यासकट सावज आत ओढले जाते. या ओढीची पोच जेमतेम तोंडाच्या रुंदीएवढी. म्हणून आधीचा नेम चुकून चालत नाही.

गळ टाकणाऱ्यांनी यातून दोन गोष्टी घ्याव्यात. शिसे तंगुसावर सरकते ठेवावे आणि त्यापुढे हात-दीड हात दोरी मोकळी सोडावी. शिसे आमिषालाच बांधले तर ओढीने ते उचलले जात नाही आणि मासा सोडून देतो. गळ डोहाच्या वरच्या अंगाला टाकावा, म्हणजे चवीची धार डोहात उतरते. आमिष पांढरे पडले की त्यातली चव देणारी अमिनो आम्ले धुऊन गेली असे समजून ते बदलावे. हिंग घातलेल्या कणकेची महती बरीच गायली जाते. शिंगट्याला कोंबडीचे आतडे किंवा गांडूळ द्यावे, हिंग आपल्या नाकासाठी राहू द्यावा.

आता फेसाकडे. 1965 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात लिटरला अर्धा मिलिग्रॅम डिटर्जंटने मिशांवरच्या चवीच्या कळ्या झिजल्याचे दिसले. भारतीय मानक 10500 नुसार पिण्याच्या पाण्यात डिटर्जंट 0.2 मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.0 पर्यंत चालते. म्हणजे माणसाला नाइलाजाने चालवून घेतलेले पाणी शिंगट्याच्या मिशांना दुप्पट जड. तांब्याचेही तसेच. झेब्रा माशाच्या पिलांवरच्या प्रयोगांत लिटरला वीस मायक्रोग्रॅमच्या आसपासच पार्श्वरेषेच्या केसपेशी मरू लागतात. द्राक्षबागेत बुरशीवर फवारलेल्या बोर्डो मिश्रणातले मोरचूद, म्हणजे तांब्याचाच क्षार, पहिल्या पावसात ओढ्याला लागते, आणि तळाच्या माशांचा खाण्याचा हंगाम नेमका तेव्हाच सुरू होतो.

म्हणून नदीच्या तपासणीत विरघळलेल्या प्राणवायूबरोबर डिटर्जंटची मिथिलीन ब्लू चाचणी आणि विरघळलेले तांबे, हे दोन्ही आकडे नियमित मोजून जाहीर व्हावेत. नमुना फेसाचा घेऊ नये. डिटर्जंट फेसात एकवटते, त्यामुळे आकडा फुगतो आणि कारखानदारांना बोट ठेवायला जागा मिळते. तळापासून वीतभर वरचे, माशाच्या मिशा जिथे फिरतात तिथले पाणी घ्यावे, शक्यतो धोबीघाट आणि नाल्याच्या तोंडाच्या खाली व वर अशा दोन्ही ठिकाणी. बाटली मात्र साबणाने घासलेली नको, नाहीतर नदीऐवजी बाटलीतलाच साबण मोजला जाईल.

आपले,
गळ टाकणारे व मासे अभ्यासणारे काही वाचक, दौंड