गुरं नव्हे, पाणवठा हलवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात ‘पाणी गाळून, उकळून प्या’ ही सूचना आली की डोंगरातल्या गुरांवर खापर फुटतं आणि चराईबंदीची मागणी होते. मुंबईच्या सातपैकी पाच तलाव शहराबाहेर सह्याद्रीच्या कुशीत आहेत, त्यामुळे काळजी रास्त; उपाय मात्र चुकीचा. न चरलेलं गवत वाळतं, उन्हाळ्यात वणवा लागतो आणि पहिल्याच सरीत राख-माती ओढ्यात येते.

पाणी खरं बिघडतं ते गुरं ओढ्यात उतरतात तिथे. रोज त्याच वाटेने ये-जा झाली की काठ ढासळतो, खुरांनी चेपलेल्या जमिनीत पाणी मुरत नाही आणि त्या वाटेचाच ओहोळ होतो. वर शेण थेट पाण्यात. त्यातला फॉस्फरस गाळाला चिकटून तलावात जातो, शेवाळ माजवतो. गढूळपणा तुरटीने बसतो, बहुतेक जिवाणू क्लोरीनने मरतात. पण वासरांच्या शेणातला क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब लावणारा सूक्ष्म परजीवी क्लोरीनला दाद देत नाही, तो गाळणीतच अडवावा लागतो.

म्हणून झऱ्याचं पाणी पाइपने काठापासून दूर, सपाटीवरच्या डोणीत, म्हणजे गुरांच्या पाण्याच्या हौदात, न्यावं. मोठं जनावर उन्हाळ्यात दिवसाला 60 लिटरपर्यंत पितं; 40 गुरांना 2,400 लिटर. मिनिटाला 2 लिटर देणारा बारीक झरासुद्धा दिवसाला 2,880 लिटर देतो. तरी बऱ्याच डोणी फसतात, कारण कळप दुपारी एकदम येतो. 200 लिटरची डोण बघता बघता रिकामी होते आणि मागची गुरं मुकाट ओढ्याकडे वळतात. डोणीमागे दीडेक हजार लिटरची टाकी आणि डोण भरली की पाणी आपोआप बंद करणारा फ्लोट व्हॉल्व्ह हवाच. भोवती दगडी फरसबंदी नसेल तर आठवड्यात तिथेच चिखलाचा राडा होतो. गुरांना चाटायचा मिठाचा खडा पाण्यापासून लांब, वरच्या माळावर ठेवावा, म्हणजे गुरं पाण्याशी रेंगाळत नाहीत.

तपासणीही नीट व्हावी. नमुना निर्जंतुक बाटलीत, बर्फात ठेवून, शक्यतो सहा तासांत प्रयोगशाळेत पोचवावा. एक पाणवठ्याच्या वरून, एक खालून. विष्ठेतून पाण्यात येणारा ई. कोलाय हा जिवाणू माणसाचा की म्हशीचा, हे साधी चाचणी सांगत नाही. फक्त खालचा नमुना घेतला तर वरच्या वस्तीची घाणही गुरांच्याच नावावर जाते.

– एक वाचक, भांडुप